‘इतर हक्कात’ नको, कब्जेदार सदरी लावा

बचत गटांच्या कर्जाने आमच्या गावातल्या बायकांची बरीच सोय झाली. शेळ्या आल्या, शिलाई मशिनी आल्या, पोरींच्या कॉलेजच्या फिया भरल्या गेल्या, सावकाराचे शेकडा पाच सुटले. पण नवरा गेलेल्या बायकांचं घोडं गटातही एका जागी येऊन अडायचं. गट देऊन देऊन दहा-पंधरा हजार देणार. पेरणीचं पीक कर्ज बँक देते आणि बँक आधी सातबारा मागते. सातबाऱ्यावर दिराचं नाव, नाहीतर कधीच वारलेल्या सासऱ्याचं. शेतात खुरपणारी, फवारणारी, राखण करणारी ती. कागदावर मात्र ती कुठेच नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांमध्ये बायका १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. आमच्या गावात तेवढ्याही निघाल्या नसत्या.

मी उमेद अभियानात सीआरपी आहे, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती. एवढं लांबलचक नाव गावात कुणी घेत नाही, ‘गटवाल्या ताई’ म्हणतात. गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. जमीन हलकी, कोरडवाहू. दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला जातं, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई एकटी झाली की तिचा अर्धा कोयता होतो, उचलही अर्धी मिळते, आणि तिला टोळीत घ्यायचं की नाही यावर मुकादम डोकं खाजवत बसतो.

२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे अर्ज भरायचं काम निघालं आणि गावातल्या जवळपास प्रत्येक बाईची कागदं माझ्या हाताखालून गेली. ज्यांना संजय गांधी निराधार योजनेचा पगार आधीच चालू होता (अनुदान हा शब्द इथे कुणी वापरत नाही, पगारच म्हणतात) त्यांचे अर्ज घेता येत नव्हते. तिकडे दीड हजार, इकडेही दीड हजार, एका बाईला दोन्ही नाहीत. मी त्यांची वेगळी वही केली. नवरा कधी गेला, मुलं किती, जमीन किती, कुणाच्या नावावर. शेवटच्या रकान्यात एकीपुढेही तिचं स्वतःचं नाव आलं नाही.

ही वही मी गटाच्या बैठकीत वाचली तेव्हा वाटलं होतं सगळ्या सरसावून उठतील. उलटंच झालं. ‘भावकीत कळ लावायचं काम गटानं करू नये’ असं एकीने स्पष्ट सांगितलं, आणि ती स्वतः विधवा होती. दुसरी म्हणाली, नाव लागलं की निराधारचा पगार तोडतात. तिसरीला दिराच्या घरातून अजून ज्वारी येत होती, ती बंद झाली तर काय, हा तिचा प्रश्न. या भीतीला मी तेव्हाही वेडेपणा म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. हक्काचा कागद मिळेल तेव्हा मिळेल, ज्वारी आज मिळते आहे. म्हणून ठरलं की ज्या बाईने आपल्या तोंडाने मागितलं तिचंच काम हातात घ्यायचं.

मागितलं ते धाकलीने. घरात आणि वस्तीवर तिला सगळे धाकली म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. तिचा नवरा जानेवारी २०२३ मध्ये कर्नाटकात, फडातून कारखान्याकडे जाताना उसाची ट्रॉली उलटून गेला. मागे दोन पोरं, सासू, थोरला दीर-जाऊ आणि चार एकर. शेतकऱ्याच्या कुटुंबात अपघाती मरण आलं तर गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख मिळतात, पण प्रस्ताव तीस दिवसांत द्यावा लागतो. परमुलखातून प्रेत आणून दहावं-तेरावं उरकेपर्यंत तीस दिवस कुठे जातात ते ज्याच्या घरात घडलंय त्यालाच कळतं. ती वाट बंद झालेली होती.

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. माणूस जिथे मरतो तिथेच नोंद होते, त्याच्या गावी नाही. बऱ्याच बाया वर्षानुवर्षं आपल्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालतात आणि नोंद असते कुठल्यातरी महापालिकेत. नोंदच झालेली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर ग्रामसेवकाच्या हातात काही राहत नाही. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं, २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर आलं आहे. धाकलीच्या बाबतीत दाखला होता, पण कानडी आणि इंग्रजीत. इंग्रजीत तिकडच्या रीतीप्रमाणे ‘त’चा ‘थ’ झालेला, त्यामुळे मराठीत वाचताना नवऱ्याचं नाव भलतंच व्हायचं. त्याचं भाषांतर, मग हा तोच माणूस असं प्रतिज्ञापत्र.

खरी गुंतागुंत तिच्या स्वतःच्या नावाची होती. लग्नात नाव बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि बँकेच्या जुन्या पासबुकावर माहेरच्या नावापुढे सासरचं आडनाव. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच, त्यामुळे कारकुनाला यात काय अवघड आहे तेच समजत नाही. तिन्ही नावं एकाच बाईची असं आणखी एक प्रतिज्ञापत्र झालं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, हा नियम जुनाच आहे. तरी तहसीलच्या आवारात मुद्रांकाशिवाय कुणी टाइप करून देईना. आम्ही शेवटी साध्या कागदावर हाताने लिहून नेलं आणि ते चाललं.

मग तलाठी. २०२४ पासून त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात ते अजून तलाठी आणि समोर गेलं की भाऊसाहेब. माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे अनेक गावांचा कारभार होता एवढंच. त्याने संगणकावर सातबारा काढून दाखवला. कब्जेदाराच्या रकान्यात (म्हणजे ‘कब्जेदार सदरी’, जमीन ज्याच्या नावावर ती जागा) एकट्या थोरल्याचं नाव, आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’

एकत्र कुटुंब मॅनेजर. सासरा वारला तेव्हा वारस म्हणून सगळ्यांची नावं लावण्याऐवजी थोरल्या मुलाचं नाव कुटुंबाचा कर्ता म्हणून लावून मोकळे झाले होते. त्या काळी सर्रास असंच करायचे. यात फसवणूक होतीच असं नाही. भाऊ एका चुलीवर जेवत होते तोवर त्याची कुणाला पर्वा नव्हती. पण कर्ता म्हणून लागलेलं नाव पंधरा-वीस वर्षांत मालकासारखं वागू लागतं. कर्ज त्याच्या नावावर, पीक विमा त्याच्या नावावर, किसान सन्मानचे पैसे त्याच्या खात्यावर. धाकलीचा नवरा जिवंत असतानाच कागदावर नव्हता, मग त्याच्या बायकोचं नाव लागणार कुठून?

सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नोंदीशेजारी फेरफाराचा, म्हणजे तो बदल ज्या नोंदीने झाला तिचा, क्रमांक असतो. तो आम्ही टिपून घेतला आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या जुन्या फेरफाराच्या नकलेचा अर्ज केला. ज्यांना हे काम करायचंय त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते, की आजच्या सातबाऱ्यावर भांडत बसू नका, त्याच्या मागचा फेरफार काढा. नक्कल यायला वेळ लागला, पण आली ती हाताने लिहिलेली, वळणदार अक्षरातली. त्या मजकुरात चारही वारस होते. मयताची बायको, दोन मुलगे, एक मुलगी. पुढे लिहिलेलं की ‘थोरल्या मुलाचे नाव ए.कु.मॅ. म्हणून कब्जेदार सदरी व पत्नी आणि मुलगी यांची नावे इतर हक्कात दाखल’. खाली सासूचा अंगठा.

‘इतर हक्क’ हा सातबाऱ्यातला दुसऱ्या बाजूचा रकाना. विहिरीतल्या पाण्याचा वाटा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव असल्या गोष्टी तिथे जातात. तिथेच या घरातली आई आणि लेक, सोसायटीच्या कर्जाच्या वर. बायांची नावं तिथे टाकली की लावली असंही म्हणता येतं आणि त्यांना विचारावंही लागत नाही. मी नंतर गावातले आणखी सातबारे बघितले. बहिणी, विधवा चुलत्या, म्हाताऱ्या आया, कितीतरी घरांतल्या बाया याच रकान्यात सापडल्या.

ती नक्कल घेऊन आम्ही धाकलीच्या घरी गेलो. थोरला बाहेर गेलेला, सासू ओट्यावर तुरी पाखडत होती. तोपर्यंत सासूचं बोलणं एकच असायचं, ‘नांदायचं तर गुमान नांद, भाऊजीच्या कागदात कशाला हात घालतीस?’ मी तिला फेरफार वाचून दाखवला. तिने परत वाचायला लावला. मग अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘ह्यो माझा? म्हंजी रानात माझा बी वाटा हाय?’

हो म्हटलं, आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. म्हणजे तुमच्या मालकाच्या मागे तुम्ही वारस, आणि तुमचा धाकटा मुलगा गेला त्याच्या मागेही त्याच्या बायको-पोरांबरोबर आई म्हणून तुम्ही वारस. सासू बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने एकदम नवऱ्यालाच शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाला एवढ्या मनापासून शिव्या पडलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. धाकली तोंडाला पदर लावून हसत होती.

त्या दिवसापासून घरातला काटा फिरला. मला या सगळ्यातून एक गोष्ट पक्की वाटू लागली आहे. विधवा सुनेचं नाव लावायचं तर वकील आणि तलाठी यांच्याआधी तिची सासू आपल्या बाजूला हवी. आपण सासूला ‘सासरची माणसं’ या गठ्ठ्यात टाकतो. पण बहुतेक घरांत सासूही विधवाच असते आणि तिचंही नाव कुठेच नसतं. थोरल्या लेकाच्या हातातून तिला औषधाचे पैसे मागावे लागतात. तिला कुणी कागद वाचून दाखवलेला नसतो, इतकंच.

कायद्याचं बोलायला आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे, पण ‘फुकटचा वकील काय कामाचा’ म्हणून लोक जात नाहीत. आम्हाला मिळालेल्या वकीलबाई तरुण होत्या आणि त्यांनी पहिल्याच भेटीत आमचा उत्साह जागेवर आणला. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिश्श्यांचं गणित वेगळं, सासऱ्याच्या स्वकष्टाची असेल तर वेगळं. ते आज काढत बसू नका. आधी सगळ्या वारसांची नावं कब्जेदार सदरी लागू द्या, हिस्से नंतर. आणि ‘सगळ्या’ म्हणजे नणंदेचंही, हे त्यांनी पेन आपटून सांगितलं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. बुलढाण्यातून निघालेला हा प्रयोग. आमच्याकडेही चावडी वाचन झालं, भाऊसाहेबांनी मेलेल्यांची यादी मोठ्याने वाचली, माणसं जमली होती आणि आमच्या गटाच्या बायाही मुद्दाम पुढे बसल्या होत्या. वहीतल्या काहीजणींची कामं त्या मोहिमेत कसलीही ओढाताण न होता झाली, कारण जमीन थेट नवऱ्याच्या नावावर होती. अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा दाखला, बस्स. धाकलीच्या सासऱ्याचं नाव मात्र यादीत येणंच शक्य नव्हतं. सातबाऱ्यावर मेलेलं माणूस नव्हतंच, जिवंत थोरला होता. मोहिमेच्या पुढच्या टप्प्यात ए.कु.मॅ.चे शेरे काढायचा विषय आला तेव्हा आम्ही अर्ज आत सरकवला. जुन्या फेरफाराची नक्कल जोडली, आणि अर्जातच ठळक लिहिलं की नावं इतर हक्कात न लावता कब्जेदार सदरी लावावीत. हे वाक्य वकीलबाईंनी सांगितलेलं. तेव्हापासून मी प्रत्येक अर्जात घालते.

पुढची पद्धत ठरलेली आहे. वारसाची चौकशी होऊन नमुना ६-क मध्ये नोंद, मग नमुना ६ मध्ये म्हणजे फेरफार रजिस्टरला, नमुना ९ ची नोटीस सगळ्या हितसंबंधितांना, पंधरा दिवस हरकतीसाठी, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आम्ही त्या पंधरा दिवसांच्या शेवटाकडे डोळे लावून होतो आणि थोरल्याने हरकत घेतली.

त्याच्या हरकतीत दोन मुद्दे होते. बापाचं सोसायटीचं कर्ज त्याने एकट्याने फेडलं, हा एक. तो खरा होता. दुसरा असा की भावाची बायको तरुण आहे, उद्या दुसरं लग्न करील आणि रान परक्या घरात जाईल. पहिला मुद्दा हिशेबाचा आहे, तो वाटणीच्या वेळी काढता येतो. त्याने वारसाहक्क जात नाही. दुसऱ्याचं उत्तर असं की नवऱ्याच्या मागे बायकोला मिळालेला वारसा तिने पुढे लग्न केलं म्हणून जात नाही. हे उत्तर मी पारावर सांगायला लागले तर माणसं माझ्याकडे अशी बघायची जणू मीच तिच्यासाठी स्थळ घेऊन आलेय.

हरकतीपासून सुनावणीपर्यंतचे दिवस सगळ्यात वाईट गेले. विहिरीवरची मोटार धाकलीच्या पाळीला नादुरुस्त होऊ लागली. थोरलीने बोलणं टाकलं. पोरांना ‘तुझी आई कोर्टात उभी राहणार’ म्हणून चिडवलं गेलं. याच सुमारास कुणीतरी तिच्या कानावर घातलं की निराधारचा पगार आता बंद, आणि तो महिना खरंच पैसे आले नाहीत. मी तहसीलला जाऊन विचारलं. आधार खात्याशी नीट जोडलेलं नव्हतं म्हणून थेट जमा होणारी रक्कम अडकली होती, सातबाऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. या योजनेत वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे आणि बघतात तो उत्पन्नाचा दाखला; सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून पगार आपोआप तुटत नाही. पण ही मर्यादा किती हास्यास्पद आहे तेही इथेच सांगते. २१ हजार म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. खुरपायला गेलेली बाई एका दिवसात त्याच्या कितीतरी पट कमावते, फक्त तिला रोज काम मिळत नाही. खरं उत्पन्न लिहिलं तर गावातली एकही गरीब बाई निराधार ठरणार नाही.

सुनावणीला मंडळ अधिकाऱ्यांसमोर थोरला वकील घेऊन आला. आमच्या बाजूने धाकली, वकीलबाई, मी, आणि सासू. सासूला कुणी काही शिकवलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, आजी तुमचं काय म्हणणं आहे? ती म्हणाली, ‘साहेब, दोन्ही लेकरं माझीच. एक गेलं म्हणून त्याचं रान काय त्याच्यासंगं जळालं का? आन माझं नाव तेवढं त्या दुसऱ्या रकान्यातून काढा. मी काय बोजा हाय?’ साहेब हसले, थोरल्याचा वकीलही हसला. थोरला हसला नाही, पण त्यानंतर तो फार बोललाही नाही. आईविरुद्ध उभं राहणं त्याला जमणार नव्हतं आणि गावात ते दिसलंही बरं नसतं.

नणंदेचं प्रकरण मात्र मला अजून टोचतं. सुनावणीच्या आधी दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत होतं, की नणंदेने हक्कसोड द्यावी. थोरला म्हणत होता म्हणून नवल नाही. पण धाकलीही मला म्हणाली, ‘ताई, वन्संचं चांगलं चाललंय, त्यांना कशाला लागतंय?’ गटातल्या बायकांनीही मान डोलावली. सगळ्यांच्या मनात तेच. सुनेचा हक्क हा हक्क आणि लेकीने माहेरचा वाटा मागितला तर ती भावांची माया तोडणारी. ज्या बायका धाकलीसाठी माझ्याबरोबर तहसीलला आल्या, त्यांतल्या बहुतेकींनी स्वतः माहेरी हक्कसोडीवर सह्या केलेल्या आहेत. रक्षाबंधनाला साडी-चोळी आणि दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा. मी त्यांना तेव्हा फार काही बोलू शकले नाही. एवढंच सांगितलं की हक्कसोड नोंदणीकृतच लागते, घरात कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीला अर्थ नाही, आणि ती देणारीने स्वतःहून द्यायची असते.

नणंदेने दिली नाही. ‘राहू द्या माझं नाव, कुणाला तरास न्हाई’ एवढंच तिने फोनवर सांगितलं. धाकली तिच्यावर काही दिवस रुसून होती. सातबाऱ्यावर आज कब्जेदार सदरी थोरला आहे, सासू आहे, धाकली आहे, तिची दोन्ही पोरं आहेत (त्यांच्यापुढे अ.पा.क. म्हणून आईचं नाव, अज्ञान पालनकर्ती) आणि नणंद आहे. इतर हक्कात आता फक्त सोसायटीचा बोजा. नोंद मंजूर झाल्यावर प्रांतांकडे अपील करायला साठ दिवस असतात. थोरल्याने केलं नाही.

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांना ऑनलाइन निघतो. धाकलीने त्याच्या दोन प्रती काढल्या, एक लॅमिनेशन करून पेटीत. मग अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक काढला. किसान सन्मानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर नाव लागलेल्या जमिनीचा नियम आड येतो, पण वारसाने आलेल्या जमिनीला तो लागू नाही, म्हणून तोही अर्ज गेला. कागदाने एवढं सगळं होतं. पीक कर्ज मात्र झालं नाही. बँकेने सहहिस्सेदारांच्या संमतीच्या सह्या मागितल्या. थोरला म्हणाला, देत नाही. त्या हंगामात ती पुन्हा अर्ध्या कोयत्यावर तोडीला गेली, सातबारा पेटीत ठेवून.

ती गेलेली असताना आम्ही गावात दुसरं काम धरलं. नवरा मेल्यावर एवढी पळापळ करण्यापेक्षा तो जिवंत असताना बायकोचं नाव का लावू नये? ही कल्पना काही आमची नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती म्हणून ती गावोगाव नेली होती आणि सरकारने १९९२ साली परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. विक्री नाही, बक्षीसपत्र नाही, मुद्रांक नाही. तीस वर्षं उलटून गेली तरी गावात बहुतेकांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. गड्यांची उत्तरं एकाहून एक. एकजण म्हणाला, तिला विचारल्याशिवाय मी चहा पीत नाही, नाव कशाला पाहिजे? एकाने विचारलं, नाव लावल्यावर काढता येतं का? एका म्हाताऱ्याने मात्र दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. बायको त्याच्या मागे तीन सुनांच्या हाताखाली जाऊ नये, हा त्याचा हिशोब होता. त्याच्यामागून आणखी काहीजण आले. अर्ज आले ते बहुतेक ज्यांच्या घरात एखादी बहीण किंवा लेक विधवा होऊन परत आली आहे त्यांचे.

याच काळात हेरवाडचा विषयही बैठकीत निघाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि मग सरकारनेही सगळ्या गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. आमच्या ग्रामसभेतही तो ठराव मांडावा असं मला वाटत होतं. ज्या बाईने पहिल्या बैठकीत भावकीत कळ लावू नका म्हटलं होतं तीच म्हणाली, ‘कुंकवाचं बघू मागून. माझा फेरफार आधी काढा.’ तिचं प्रकरण आता सुनावणीला लागलं आहे.

थोरल्याची गाठ यंदा मार्चमध्ये सुटली आणि ती आम्ही नाही सोडवली. सोसायटीचं कर्ज दरवर्षीप्रमाणे नवं-जुनं करायला तो गेला. तिथे नवा सातबारा मागितला, त्यावर एवढी नावं बघितली आणि सगळ्यांच्या सह्या आणा म्हणून सांगितलं. इतकी वर्षं एकट्याच्या सहीने होणारं काम अडलं. तो आधी आईकडे गेला. आईने सांगितलं, धाकलीची सही झाली की माझी. धाकली नुकतीच तोडीहून परतली होती. ओसरीवर बसून बोलणं झालं, मला बोलावलं होतं पण मी मुद्दाम उशिरा गेले. बापाच्या फेडलेल्या कर्जातला धाकलीच्या वाट्याचा भाग ती हप्त्याने देईल, आणि तो जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटपाच्या अर्जावर सही करील, असं ठरलं. विहीर सामाईक, मोटारीच्या पाळ्या लिहून ठेवायच्या. नणंदेचं काय, हे विचारल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. सासू म्हणाली, तिचा तुकडा माझ्या तुकड्याला लागून ठेवा.

वाटपाआधी मोजणी लागते. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज टाकला आहे, फी दोन्ही घरांनी निम्मी-निम्मी भरली. धाकलीच्या वाटची रक्कम तिने गटातून उचलली, शेकडा एक रुपया व्याजाने, आणि कर्जाच्या कारणापुढे सचिवाने वहीत लिहिलं आहे, ‘शेतीसाठी’.